दुष्काळ, स्थलांतर आणि तांड्यांचे आरोग्य

वार्षिक अहवाल म्हटला की त्यात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, प्रसूती आणि जमाखर्च यांचे तक्ते ओघानेच येतात. हे तक्ते आवश्यक आहेत. परंतु रुग्ण रुग्णालयाच्या दारात येईपर्यंत त्याच्या बाबतीत काय काय घडून गेले, हे त्यांतून कळत नाही. आजाराची सुरुवात पुष्कळदा शरीरात होत नाही. ती आटलेल्या विहिरीत, पडीक राहिलेल्या शेतात किंवा घरापासून तीनशे किलोमीटरांवर उभ्या केलेल्या कोपीत होते. परळी वैजनाथ परिसरातील तांड्यांच्या संदर्भात हा क्रम आपल्या दात्यांसमोर, विश्वस्तांसमोर आणि रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर मांडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पर्यावरणातील बदल आणि मूळनिवासी समाजांचे आरोग्य हा आज जगभर अभ्यासाचा विषय झाला आहे. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक समुद्रावरील बर्फ लवकर वितळू लागल्यामुळे शिकारीला आणि पर्यायाने आपल्या पारंपरिक आहाराला मुकत आहेत. महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंड आणि माडिया, नंदुरबारमधील भिल्ल आणि पावरा हे समाज प्रथम डोळ्यांसमोर येतात. आपल्या भागात आदिवासींची संख्या अल्प आहे. मात्र निसर्गाशी बांधलेले, स्वतंत्र बोली आणि स्वतंत्र वस्ती असलेले, आणि इतिहासाने वारंवार विस्थापित केलेले लोक आपल्याकडेही आहेत. ते तांड्यांवर राहतात.

तांडा : थोडा इतिहास

बंजारा अथवा लमाण समाज हा मूळचा वाहतूक करणारा समाज. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे देशभर फिरत असत. या व्यापाराला त्यांच्या गोरबोलीत ‘लदेणी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचे जाळे पसरले, मिठाच्या व्यापारावर सरकारी नियंत्रण आले आणि लदेणी संपुष्टात आली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर, बंजारांच्या काही गटांवरही, जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा रद्द होऊन हे समाज १९५२ साली विमुक्त झाले. परंतु तोपर्यंत सुपीक, पाणथळ जमिनी इतरांच्या ताब्यात गेलेल्या होत्या. बालाघाटाच्या डोंगरउतारावरील हलकी, मुरमाड जमीन तांड्यांच्या वाट्यास आली.

हाच समाज आज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती म्हणून नोंदविला जातो. या वर्गवारीच्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्या समाजाचे नाव आदिवासींच्या यादीत नाही, त्याच्या आरोग्याचे आकडे आदिवासी आरोग्याच्या अहवालांत येत नाहीत; आणि जो समाज वर्षातील निम्मा काळ गावात नसतो, तो गावाच्या नोंदवहीतही अर्धाच येतो.

पाण्याचे गणित

मराठवाड्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ६८० मिलिमीटर आहे. एवढा पाऊस वेळेवर आणि विभागून पडला तर कोरडवाहू पिके तग धरतात. परंतु १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणाऱ्या पिढीनेच पुढे २०१२-१३, २०१४-१५, २०१५-१६ आणि २०१८-१९ ही टंचाईची वर्षेही पाहिली. आपल्या पायाखालचा खडक काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. साठा मुळातच लहान, आणि उपसा मात्र वाढत गेला. विहिरी आटल्या तसे बोअर आले, आणि ते दरवर्षी अधिक खोल जाऊ लागले.

या टंचाईची तीव्रता सर्व राज्याने पाहिली आहे. १९७१ पासून वीज देणारे परळीचे औष्णिक विद्युत केंद्र गोदावरीच्या पाण्यावर चालते. ते पाण्याअभावी २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वीजकेंद्रासाठी आणि महानगरपालिकेसाठी जेथे पाणी नव्हते, तेथे डोंगरावरील तांड्याच्या हापशाची काय अवस्था असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडविला. पिके पाण्याखाली गेली, माती वाहून गेली, जनावरे दगावली. म्हणजे बदल केवळ पाऊस कमी होण्याचा नाही, पावसाचा भरवसाच उरला नाही, असा आहे. आणि ज्याच्याजवळ साठवण नाही, त्याला दोन्ही टोके सारखीच घातक ठरतात.

पाण्यापासून आजारापर्यंत

टंचाईचा पहिला परिणाम पाण्याच्या गुणवत्तेवर होतो. टँकरचे पाणी उघड्या बॅरलमध्ये, हंड्यात साठविले जाते आणि चार-चार दिवस पुरविले जाते. हात धुण्यास, भांडी घासण्यास पाणी उरत नाही. हगवण, विषमज्वर, कावीळ आणि त्वचेचे विकार यांचे मूळ येथे आहे. साठविलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, तो वेगळाच. खोल बोअरचे पाणी दिसावयास नितळ असते. परंतु खडकातील क्षार त्यात अधिक विरघळलेले असू शकतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा दंडक आहे. ते दीर्घकाळ अधिक राहिल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठर होतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. त्यासाठी पाण्याची तपासणी हाच मार्ग आहे.

दुसरा परिणाम ताटावर होतो. ज्वारी, बाजरी, तूर, मटकी आणि पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारी तांदुळजा, पाथरी, घोळ यांसारखी भाजी, असा येथील गरिबांचाही आहार होता. शेते सोयाबीन आणि कापसाकडे वळली, गायराने आक्रसली, तणनाशकांनी बांधावरची भाजी गेली. दुभते जनावर चाऱ्याअभावी विकले गेले की दूध चहापुरतेच उरते. पोट रेशनच्या गहू-तांदळावर भरते, परंतु रक्त वाढत नाही. स्त्रियांमधील पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, केवळ गोळ्यांनी का हटत नाही, याचे एक उत्तर या बदललेल्या ताटात आहे.

तिसरा परिणाम हवेचा. परळी परिसरात कोळशाची राख हा रोजच्या जीवनाचा भाग झाला आहे. राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्यांनी अनेक हातांना काम दिले, हे खरे. परंतु उघड्यावर वाहून नेलेली, वाऱ्याने उडणारी बारीक राख श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. तीत चुलीच्या धुराची भर पडते. दमा, जुनाट खोकला आणि मुलांचे वारंवार उद्भवणारे श्वसनविकार यांच्या तपासणीत ‘आपण कोठे काम करता आणि स्वयंपाक कशावर होतो’ हा प्रश्न म्हणूनच आवश्यक ठरतो.

सहा महिन्यांची दरी

वरील सर्व कारणांपेक्षाही मोठे कारण चौथे आहे. पाऊस फसला की कुटुंब गाव सोडते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊसतोडणीसाठी सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकच्या सीमाभागातील कारखान्यांकडे निघतात. त्यांत सर्व समाजांची कुटुंबे आहेत, आणि तांड्यांचा वाटा मोठा आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची असते, आणि एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की ही कुटुंबे परततात. कोरड्या शेतातून निघालेली माणसे सर्वांत अधिक पाणी पिणाऱ्या पिकाच्या फडात राबावयास जातात, हा या व्यवस्थेतील विरोधाभास आहे.

आता हे वेळापत्रक आरोग्यसेवेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि तोडणीचा हंगामही पाच ते सहा महिन्यांचा. ऑक्टोबरमध्ये निदान झालेला रुग्ण जवळजवळ सर्व उपचारकाळ गावाबाहेर असतो. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसी द्यावयाच्या असतात, आणि गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर. दसऱ्याला जन्मलेल्या बाळाच्या पहिल्या तिन्ही तारखा कोपीत येतात. गर्भवतीच्या किमान चार तपासण्या व्हावयास हव्यात. त्यांतील दोन-तीन फडात निघून जातात. आणि जे वृद्ध मागे तांड्यावर राहतात, त्यांच्यावर नातवंडांचा सांभाळ पडतो. त्यांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या संपल्या तर आणून देणारे घरात कोणी नसते.

रुग्णाने ‘उपचार अर्धवट सोडला’ असा शेरा आपण सहज मारतो. वस्तुतः त्याने उपचार सोडलेला नसतो. उपचार त्याच्या मागे गेलेला नसतो.

गर्भाशयाचा प्रश्न

या दरीत सर्वांत खोल पडलेला प्रश्न स्त्रियांच्या गर्भाशयाचा आहे. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. म्हणजे दर शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही. तरीही हे अंतर दुर्लक्षिता येणारे नाही.

यामागील कारणे वैद्यकीय कमी आणि परिस्थितीची अधिक आहेत. अल्पवयात विवाह, वीस-बाविशीपूर्वीच दोन-तीन बाळंतपणे, फडात शौचालय नाही, पाळीच्या काळात स्वच्छ पाणी व कापड नाही. लघवीला जावे लागू नये म्हणून स्त्री दिवसभर पाणीच कमी पिते. त्यातून मूत्रमार्गाचा आणि अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास सुरू होतो. खाड्याच्या भीतीने दुखणे अंगावर काढले जाते. शेवटी ‘पिशवी काढून टाकली की कटकट मिटेल’ किंवा ‘न काढल्यास कर्करोग होईल’ असे तिला कोणी तरी सांगते, आणि ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते.

येथे कुटुंबीयांनी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत अधिक रक्त जाणे यांपैकी बहुतेक तक्रारी औषधांनी बऱ्या होणाऱ्या असतात. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगाची शंका असल्यास गर्भाशयमुखाची साधी तपासणी करता येते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही कमी वयात काढली गेली, तर शरीराला आवश्यक असणारा स्त्रीरस एकाएकी थांबतो. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि जड मोळी उचलणाऱ्या स्त्रीची कंबर तिशी-पस्तिशीतच जाते. गर्भाशय काढणे काही वेळा खरोखर आवश्यक असते. परंतु तो निर्णय तपासण्यांनंतर आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या मतानंतरच व्हावा. बीड जिल्ह्यात २०१९ पासून खासगी रुग्णालयांनी या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम करण्यात आला, तो याचसाठी.

इतरत्र मिळालेले धडे

हा प्रश्न केवळ आपला नाही, आणि तो सोडविण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. आपल्या सीमेलगतच्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. पुढे दुष्काळ पडला, आणि लोकांची पहिली मागणी औषधाची नसून पाण्याची व अन्नाची आहे, हे त्यांनी ओळखले. पाणी, पोषण आणि गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना दिलेले आरोग्यशिक्षण यांवर तो प्रकल्प उभा राहिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची शुश्रूषा घरीच करण्याची पद्धत बसविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरल्याचे दिसले. रुग्णालय लांब असेल तर सेवेने घरापर्यंत जावे, हा त्याचा अर्थ.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर येथील ऊसतोड कामगारांत, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही, तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होताना आढळली. कडक उन्हातील कष्ट आणि शरीरातील पाणी कमी होणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. तेथे कामगारांना पुरेसे पाणी, ठरावीक विश्रांती आणि सावली देण्याचे कार्यक्रम सुरू झाल्यावर मूत्रपिंडांची हानी कमी झाली. आपल्याकडील तोडणी बहुतांशी हिवाळ्यात होत असली, तरी मार्च-एप्रिलचे ऊन फडातच सोसावे लागते, आणि त्यानंतर वीटभट्टीवर वा रोजगार हमीच्या कामावर. तमिळनाडूतील सुमारे ८०० गर्भवतींच्या अभ्यासात (२०२४) अतिउष्णतेत काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपातासारख्या गुंतागुंतीचा धोका दुपटीच्या आसपास आढळला. आपल्या तांड्यांवरील गर्भवतीही याच उन्हात राबतात.

कुटुंबीयांसाठी : तोडीला निघण्यापूर्वी

१. घरातील सर्वांची एकदा तपासणी करून घ्यावी. स्त्रियांच्या रक्तातील हिमोग्लोबिन अवश्य पाहावे.

२. गर्भवतीचे माता-बाल संरक्षण कार्ड आणि बाळाचे लसीकरण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावे. लस कोणत्याही गावच्या शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

३. क्षयरोगाचा उपचार चालू असल्यास आपण कोणत्या तालुक्यात जाणार हे आधी सांगावे. ‘निक्षय’ नोंदणी क्रमांकावरून औषधे तेथील केंद्रात मिळू शकतात. बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नयेत.

४. मागे राहणाऱ्या वृद्धांच्या औषधांची सोय करून जावे आणि शेजाऱ्यास कल्पना द्यावी.

५. फडात तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची खूण समजावी.

६. शिधापत्रिका सोबत ठेवावी. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत धान्य बाहेरगावीही मिळते.

विश्वस्तांसाठी आणि दात्यांसाठी

धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, असा कायद्याचा दंडक आहे. तो पाळणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु खाट परळीत राखलेली आणि रुग्ण कोल्हापुराच्या फडात, अशी स्थिती असेल तर त्या खाटेचा त्यास उपयोग नाही. म्हणून रुग्णालयाच्या कामाची आखणी ऊसाच्या हंगामानुसार व्हावी, असे आम्हांस वाटते.

गोऱ्हे समितीनेही हंगामापूर्वी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणीवर भर दिला होता. दसऱ्यापूर्वीचा एक महिना आणि परतीनंतरचा एक महिना तांड्यांवर तपासणीसाठी राखला जावा. रुग्णाच्या केसपेपरवर पत्त्याबरोबर ‘हंगामात मुक्काम कोठे’ हा रकाना असावा. तांड्याचे नायक व कारभारी यांच्या संमतीने, गोरबोली बोलणाऱ्या तांड्यातीलच स्त्रियांना आरोग्यशिक्षण दिले जावे. कारण पाळीविषयीचे दुखणे परक्या भाषेत आणि परक्या माणसाजवळ बोलले जात नाही. तांड्यांच्या पाण्याचे नमुने वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, तपासून घेतले जावेत.

यांतील कोणतेही काम एखाद्या नव्या यंत्राइतके डोळ्यांत भरणारे नाही. त्यावर दात्याच्या नावाची फीत कापता येणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु एक अनावश्यक शस्त्रक्रिया टळली, एका क्षयरुग्णाचा उपचार पूर्ण झाला, एका बाळाच्या तिन्ही लसी वेळेवर मिळाल्या, तर त्या कुटुंबाचे कर्ज आणि आयुष्य दोन्ही सावरते. पाऊस आपल्या हातात नाही. पाऊस फसल्यावर गाव सोडणाऱ्या माणसाचा माग ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. आपण दिलेल्या देणगीतील काही भाग रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, तांड्याच्या आणि फडाच्या वाटेवर खर्च व्हावा, एवढी विनंती या लेखाच्या निमित्ताने आम्ही करीत आहोत.